आईच्या खुब्याचं हाड दान करावं का?

प्रश्न : आई अडुसष्ट वर्षांची. खुब्याचा सांधा पार झिजलाय. भातलावणी आटोपली की मुंबईला नेऊन बदलायचा आहे. रुग्णालयाने एक संमतीपत्र दिलंय : काढलेलं हाड दुसऱ्या रुग्णांसाठी हाडांच्या बँकेला द्याल का? आई म्हणते, "माझं हाड माझ्याबरोबरच जाऊ दे." मला द्यावंसं वाटतं. पण झिजलेलं हाड कुणाच्या काय कामाचं? आणि त्यासाठी जास्त कापतील का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : जास्त कापत नाहीत. नवा गोळा बसवायचा तर मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक काढावंच लागतं. ते दान केलं नाही, तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून सहसा भट्टीत जातं. आईंना हे जवळ बसून, नीट समजावून सांगा. बऱ्याच जणांना वाटतं की ते हाड कुठेतरी जपून ठेवतात.

झिजते ती वरची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. मोठ्या लिंबाएवढा तो गोळा हातात घेतला, तर कूर्चा गेलेली जागा उघडी, चकचकीत दिसते आणि कडेला हाडाची टोकं वाढलेली असतात. पण कापला की आत बारीक जाळीचं हाड असतं, आणि तेच कामाचं. त्याचा चुरा करून पोकळीत दाबून भरतात. जुना कृत्रिम सांधा सैल होऊन आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करताना असा चुरा फार लागतो.

रत्नागिरीत मी हाडांचा डॉक्टर होतो, तेव्हा नववीतल्या एका मुलाच्या नडगीत गाठीमुळे पोकळी झाली होती. त्याच्याच कमरेचं हाड काढून भरायचं, तर दुसरी जखम आणि नव्या जागी दुखणं. बँकेचं हाड भरलं. पुढे दर एक्स-रेला त्या तुकड्यांच्या कडा पुसट होत गेल्या. त्यांच्या आधाराने त्याचं स्वतःचं हाड आत शिरत होतं. बँकेच्या हाडात जिवंत पेशी जवळजवळ उरत नाहीत, म्हणून मूत्रपिंड बसवलेल्यांसारख्या आयुष्यभराच्या गोळ्याही लागत नाहीत.

दात्याकडून मात्र प्रामाणिक माहिती हवी. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांसाठी रक्त तपासतात. पूर्वी क्षय किंवा कर्करोग झाला असेल, स्टिरॉइड बरेच दिवस चालू असेल, तर लपवू नका. लावणीच्या दिवसांत ताप येऊन गेला असेल तर तोही सांगा. आपल्याकडे पावसात लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप असतो. काही बँका सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात, तोवर हाड उणे ऐंशी अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. त्या तपासणीसाठी मुंबईची फेरी पडेल की नमुना चिपळूणला देता येईल, हे आत्ताच विचारून ठेवा.

हाड कुठल्या बँकेत जाणार, तिची नोंदणी आहे का, हेही विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. तिथे गॅमा किरणांनी ऊतींचं, म्हणजे हाडासारख्या शरीराच्या भागांचं, निर्जंतुकीकरण करतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही आल्या, त्यामुळे हाडाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, आणि दानासाठी तुमच्याकडून कुणी मागत असेल तर देऊ नका.

माझ्या मते द्यावं. पण सही आईंची हवी, तुमची नव्हे. त्या नाही म्हणाल्या, तरी त्यांच्या शस्त्रक्रियेत कसलाही फरक पडत नाही.