बेनामी, निनावी की तोतया?

गिरगावातून एका वाचकाने विचारलंय, "बातमीत बिटकॉइनचा 'बेनामी निर्माता' असा उल्लेख वाचला. सातोशी नाकामोतोला बेनामी म्हणावं की निनावी?"

बेनामी तर नक्कीच नको. फोड केली तर दोघं सख्खी भावंडं. फारसीतला 'बे' आणि आपला 'नि', दोन्ही नकाराचे. पण कोर्टकचेरीत वावरून बेनामीची चाल बदलली. बेनामी फ्लॅटला नाव असतंच, फक्त ते खऱ्या मालकाचं नसतं. पैसा शेठचा, कागदावर ड्रायव्हर. १९८८च्या कायद्यानंतर तर या शब्दाला चोरीचा वास कायमचा चिकटला. निनावीला तो नाही. निनावी फोन, सोसायटीच्या फळ्यावरची निनावी चिठ्ठी (आमच्याकडे ती कोणाची हे अक्षरावरून सगळ्यांना कळतं, तो भाग वेगळा).

पण सातोशी निनावीही नाही. बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या, ३१ ऑक्टोबर २००८ला आलेल्या नऊ पानी लेखावर नाव स्वच्छ छापलेलं आहे. २०११ नंतर माणूस मात्र गप्प झाला. म्हणजे हे टोपणनाव. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, इथे टोपण उघडून आत कोण आहे ते कळलेलं नाही, एवढाच फरक. बातमीत 'अज्ञात निर्माता' चाललं असतं.

जाता जाता, त्या नावाचं आता सामान्यनामही झालंय. एका बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी. अनेकवचन हत्तीसारखं, दहा सातोशी.

निर्माताच ठाऊक नाही तर लोक विश्वास कसा ठेवतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे 'पत' आणि 'खातरजमा' वेगळे धरावेत. चाळीतली भिशी पत बघून चालते, कारण भिशीवाल्या काकू कोणत्या मजल्यावर राहतात ते माहीत असतं. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही सगळ्यांना उघडी, ज्याने त्याने तपासावी. खातरजमा म्हणजे मुळात मन निश्चिंत होणं. मराठीत तो निश्चिंत होण्याआधी करायचा तपास झाला, आणि इथे तोच अर्थ नेमका बसतो. अर्थात भाव कोसळला तर ही खातरजमा कामाची नाही. ती फक्त हिशेबाची.

आणि 'मीच सातोशी' म्हणत पुढे येणाऱ्याला? त्याला ढोंगी, लबाड म्हणून भागत नाही. त्यासाठी आपल्याकडे पानिपताने रुळवलेला शब्द आहे. सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, आणि काही वर्षांनी त्यांचा तोतया उभा राहिला. तोतया व्हायला आधी कोणीतरी हरवलेलं लागतं, आणि तो परत यावा असं वाटणारी माणसं लागतात. 'मीच सातोशी' म्हणणारे ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञ क्रेग राइट यांचा दावा मार्च २०२४मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने फेटाळला. भाऊसाहेबांची ओळख पटवायला पुण्यात माणसं उभी करावी लागली होती. राइट यांना सातोशीच्या जुन्या किल्लीने (म्हणजे फक्त त्याच्याकडेच असणाऱ्या गुप्त डिजिटल संकेताने) एक सही सर्वांदेखत करून दाखवायची होती, तीही जमली नाही.