टाचेचे हाड वाढले असल्यास फिजिओथेरपीने टाचदुखी बरी होते का?

आपला प्रश्न असा आहे की सकाळी उठून पहिली चार पावले टाकताना टाचेत असह्य कळ येते, एक्स-रेमध्ये हाड वाढलेले दिसले आहे, तेव्हा शस्त्रक्रिया करावी लागेल की फिजिओथेरपीने भागेल. मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि असा एक्स-रे पाहून धास्तावलेली माणसे मला नेहमीच भेटतात.

त्या वाढलेल्या हाडाची भीती आधी मनातून काढून टाका. टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही ते दिसते आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरही ते तिथेच असते. आपण वर्णन केलेली वेदना बहुधा प्लांटर फॅसियाची आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा हा चिवट पट्टा तळव्याची कमान तोलून धरतो. त्याला पेलवेल त्याहून अधिक भार दीर्घकाळ पडत राहिला की टाचेजवळ, विशेषतः आतल्या बाजूला, त्याच्या तंतूंची झीज होते. रात्रभराच्या विश्रांतीत तो आखडतो आणि सकाळी एकदम सगळे वजन आल्यावर कळ उठते, जी थोडे चालल्यावर कमी होते आणि बराच वेळ उभे राहिल्यावर पुन्हा डोके वर काढते.

मुंबईत या भाराला तोटा नाही. लोकलमध्ये उभ्याने प्रवास, स्टेशनच्या पुलांचे जिने, घरी कडक फरशीवर अनवाणी स्वयंपाक आणि पावसाळाभर पायात सपाट रबरी चपला. त्यातच पोटरी आखडलेली असेल किंवा वजन वाढले असेल, तर पट्ट्यावरचा ताण आणखी वाढतो.

उपचाराचा पाया म्हणजे दोन व्यायाम. पहिला सकाळी पाय जमिनीला टेकवण्यापूर्वीच करायचा: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन हाताने बोटे नडगीच्या दिशेने ओढावीत, तळव्यात ताण जाणवला पाहिजे, 10 सेकंद धरून सोडावे, आणि असे 10 वेळा करावे. दिवसातून अशा 3 फेऱ्या हव्यात.

दुसरा व्यायाम ताकदीचा आहे आणि माझ्या मते तोच बहुतेक जण टाळतात. जिन्याच्या पायरीवर, कठड्याला धरून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पावलांच्या पुढच्या भागावर उभे राहावे. 3 सेकंदांत टाचा वर न्याव्यात, 2 सेकंद थांबावे आणि 3 सेकंदांत सावकाश खाली आणाव्यात. सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका पायावर, आणि तेही सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवत न्यावे. हा व्यायाम एक दिवसाआड करावा. करताना थोडे दुखले तर चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचे दुखणे वाढले असेल तर भार कमी करावा. नुसता यंत्राचा शेक घेऊन भार पेलण्याची ताकद वाढत नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

याच्या जोडीला घरातही मऊ, टाचेला आधार देणारी चपल वापरावी. सिलिकॉनच्या टाचगादीनेही काहींना आराम पडतो. मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, कारण संवेदना कमी असल्यास चटका कळतही नाही.

फरक आठवड्यांत दिसू लागतो, पण पूर्ण बरे होण्यास कित्येक महिने लागू शकतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तात्पुरता आराम मिळतो. त्यात पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, म्हणून तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांशी नीट बोलूनच घ्यावा. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

मात्र रात्री झोपेतही टाच दुखत असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, सूज व ताप असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र वेदना होत असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत पाठही सकाळी बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. खाजगी उपचार परवडत नसतील तर परळचे केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे व्यायाम एकदा समोर करून दाखवा आणि चुकत असल्यास दुरुस्त करून घ्या.