गुन्हे तपासातल्या करिअरवर स्वतंत्र अभ्यास प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी सिनेमातला डिटेक्टिव्ह डोक्यातून काढा. तपास एकट्याचा नसतोच. तपास अधिकारी, न्यायवैद्यक डॉक्टर, ठसेतज्ज्ञ, सायबर विश्लेषक असे बरेच जण त्यात असतात. यातली एकच भूमिका निवडा, नाहीतर प्रकल्प पसरट होतो.

मी असतो तर पुराव्याचा प्रवास घेतला असता: घटनास्थळावरची वस्तू न्यायालयापर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते, दरवेळी सील आणि नोंद का लागते. एक नोंद चुकली तरी बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. पार्श्वभूमीसाठी एदमों लोकार या फ्रेंच गुन्हे-तपास शास्त्रज्ञाबद्दल वाचा. १९१० साली त्यांनी फ्रान्समधल्या लिऑं शहरात पोलीस प्रयोगशाळा सुरू केली.

एखाद्या अधिकाऱ्याची मुलाखत घ्याच. चालू प्रकरणांबद्दल मात्र विचारू नका. दिवसातला किती वेळ कागदपत्रांत जातो, ते विचारा. (बराच जातो!)