नव्या रोलप्लेइंग गेमच्या नियमांच्या चाचणीत नवख्या खेळाडूचा काही उपयोग होतो का?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या) नव्या नियमांची चाचणी घेणाऱ्या एका गटाला स्वयंसेवक खेळाडू हवे आहेत, पण आपण आजवर दोन-तीनच डाव खेळलो आहोत, तेव्हा आपला उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. होईल, आणि पहिल्या एक-दोन सत्रांत तर मुरलेल्या खेळाडूपेक्षा जास्त होईल. मुरलेला खेळाडू नियम अर्धाच वाचतो आणि उरलेला अर्धा जुन्या खेळांच्या आठवणीतून भरून काढतो. त्यामुळे पुस्तिकेत एखादे वाक्य लिहायचे राहून गेले असले, तरी त्याला ते जाणवतच नाही.

मी अशा तीन चाचण्यांत खेळलो आहे. त्यांपैकी एकीत नियम होता, ‘जखमी सोबत्याला एका फेरीत एकदाच मदत करता येते.’ आमच्यापैकी दोघांनी त्याचा अर्थ घेतला, की प्रत्येकाला एकेकदा मदत करता येईल. उरलेल्या दोघांच्या मते सर्वांकडून मिळून जखमीला एकदाच मदत मिळणार होती. पहिल्या अर्थाने आमची धनुर्धारी वाचत होती, दुसऱ्याने मरत होती, आणि ते पात्र जिचे होते ती अर्थातच पहिल्या अर्थाची कट्टर समर्थक होती. खेळ चौदा मिनिटे थांबला. नियम लिहिणारे गृहस्थ शेजारीच बसले होते, पण त्यांनी अवाक्षरही न काढता वहीत फक्त वेळ टिपली. तेव्हा मला तो आडमुठेपणा वाटला. मात्र पुस्तिका विकत घेणाऱ्यांना समजावून सांगायला लेखक त्यांच्या टेबलाशी येऊन बसणार नसतो, हे लक्षात घेतले तर त्यांचे गप्प राहणेच योग्य होते.

नुसत्या गणितासाठी स्वयंसेवक लागत नाहीत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असली, की वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात. अकरा किंवा त्याहून मोठा आकडा हवा असेल, तर यशाची शक्यता 50 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर जाते. नेमके वीसच हवे असतील, तर 5 वरून 9.75 टक्क्यांवर. एवढे कागदावर पाच मिनिटांत काढता येते. पण ऐन लढाईत दुसऱ्या फाशाची आठवण राहते का, आणि बारीकसारीक बेरजा करण्यापेक्षा हे सुटसुटीत वाटते का, ते खेळूनच कळते. त्या आवृत्तीचे नियम 2012 मध्ये खुल्या चाचणीसाठी देण्यात आले, खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या, आणि पुस्तके 2014 मध्ये निघाली.

अभिप्राय लिहिताना जे घडले ते लिहा. ‘जादूगार फार बलवान आहे, त्याची ताकद कमी करा’ यापेक्षा ‘तिन्ही लढायांत जादूगाराने एकच मंत्र वापरला आणि दुसऱ्या लढाईत आमची पाळी येण्याआधीच शत्रू संपले’ हे वाक्य कितीतरी कामाचे असते, कारण दोष कदाचित जादूगारात नसून पाळी ठरवण्याच्या पद्धतीत असेल. उपाय सुचवण्याचा मोह होतोच (मला अजूनही होतो). ते शेवटी, वेगळे लिहावेत. कोणता नियम पुन्हा शोधावा लागला, कोणता सगळेच विसरले, कुणाची पाळी येईपर्यंत कोण मोबाइल चाळत बसले, हे त्याच रात्री टिपून ठेवा; दोन दिवसांनी फक्त ‘मजा आली’ एवढेच आठवते.

मानधन सहसा मिळत नाही, आणि तुमच्या आवडत्या पात्राची खास क्षमता पुढच्या मसुद्यातून सरळ काढून टाकलेली असू शकते, एवढी तयारी ठेवा. नियमांविषयी बाहेर बोलायला परवानगी आहे का, तेही आधीच विचारून घ्या.

पुस्तिका हाती आली की पहिले पात्र एकट्याने, घड्याळ लावून तयार करा आणि जिथे अडाल तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. खूण करण्याआधी कुणाला विचारलेत, तर ती अडचण तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.