पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते, प्रार्थना करूनही चिंता जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, सोसायटीचं कर्ज, ऊसबिल अडकलेलं, मुलगी गोव्यात नव्या नोकरीवर, त्यात तालुका ऑफिसातून आलेला एक कन्नड कागद. रोज पहाटे तीनला जाग येते. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, विश्वास वाढवा. आणि तुम्ही विचारताय, डॉक्टरची गोळी घेतली तर तो अविश्वास ठरेल का?

आधी विश्वासाचं. "चिंता करू नका" हे येशूने बायबलातल्या मत्तय ६ मध्ये एका पाठोपाठ तीनदा सांगितलंय, हे खरं. पण तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच प्रेषित पौलाने फिलिप्पै २:२० मध्ये आपला सोबती तीमथ्य याचं कौतुक करताना वापरलंय: तुमची खरी काळजी करणारा त्याच्यासारखा दुसरा कुणी नाही. २ करिंथ ११:२८ मध्ये तर पौल स्वतःच सांगतो की सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ठिकठिकाणच्या विश्वासी लोकांची, चिंता मला रोज असते. म्हणजे मनात काळजी उगवली की लगेच पाप घडलं, असा हिशेब शास्त्रात नाही. गेथशेमाने बागेत येशू "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" म्हणाला आणि तीच प्रार्थना तीनदा केली. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कुणी धजावणार नाही. मग तुम्हाला का म्हणावं?

आता पुढचं जरा नीट वाचा, खरी गोम इथे आहे. १ पेत्र ५:७ मध्ये "सर्व चिंता त्याच्यावर टाका" असं आहे. हे 'टाकणं' नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं, लूक १९:३५ मध्ये, शिष्यांनी आपले कपडे शिंगरावर टाकले तिथे. पोतं उचलायचं आणि जनावराच्या पाठीवर ठेवून द्यायचं, इतकी ती हाताने करायची गोष्ट आहे. पण पोतं उचलायला त्याला आकार लागतो, तोंड बांधलेलं लागतं. आपली चिंता बहुतेक वेळा सांडलेल्या भातासारखी घरभर पसरलेली असते. "माझं कसं होणार" ही चिंता देवावर टाकता येत नाही, कारण ती हातातच येत नाही. म्हणून आधी ती पोत्यात भरायची.

त्यासाठी एक साधी वही घ्या. संध्याकाळची एक वेळ ठरवा, समजा साडेसहा, जेवणाच्या आधी, अंथरुणापासून लांब. वेळ वीस मिनिटं, मोबाईलवर गजर लावून. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे चिंता लिहायची, पण रक्कम, तारीख आणि माणूस यांच्यासकट. "कर्जाचं काय होणार" असं लिहू नका. "३१ मार्चच्या आत ४८,००० भरायचे, हातात १९,०००, ऊसबिल कधी येणार ठाऊक नाही" असं लिहा. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.) उजवीकडे त्यावर उद्या दुपारच्या आत करता येईल असं एकच काम: "सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून मुदत वाढवून मिळते का विचारणे". मुलीच्या चिंतेपुढे कदाचित काहीच लिहिता येणार नाही. तिथे "देवाकडे" एवढंच लिहा. ही पळवाट नाही, जी गोष्ट आपल्या हातात नाही ती ओळखून वेगळी काढणं आहे.

मग प्रार्थना. फिलिप्पै ४:६ मध्ये क्रम दिलेलाच आहे: विनंती, आभार, मागणी. डावीकडची एकेक ओळ वाचा आणि प्रत्येकीला तीन-चार वाक्यं, जास्त नाही. काय आहे ते सांगा, काय हवं ते स्पष्ट मागा, आणि आज दिवसभरात मिळालेल्या एका गोष्टीबद्दल आभार माना. कर्जाबद्दल आभार मानायला तिथे कुणी सांगितलेलं नाही. आज मोटर चालू झाली, मुलीचा फोन आला, असल्या गोष्टी पुरतात. गजर वाजला की वही कपाटात.

रात्री चिंता परत येणार, येतेच. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीसदा आली तरी तुम्ही हरलात असं नाही. दर वेळी एकच उत्तर द्यायचं, "वहीत लिहिलंय, उद्या साडेसहाला बघू", आणि हातातल्या कामाकडे वळायचं. नवीन काही सुचलं तर एक शब्द टिपून ठेवा. येशूचं "उद्याची चिंता उद्याला" रोजच्या व्यवहारात बसवायची मला माहीत असलेली सगळ्यात सरळ रीत हीच. ठरलेल्या वेळी चिंता करायची ही पद्धत चिंतेवर उपचार करणारे समुपदेशकही शिकवतात.

प्रार्थनेत बिघडतं कुठे तेही सांगतो, कारण चांगली श्रद्धाळू माणसं इथेच अडकतात. पहिली चूक म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली चिंताच घोकत बसणं. चाळीस मिनिटं गुडघ्यावर, आणि उठताना आधीपेक्षा जास्त घाबरलेले, असं होत असेल तर ती डोळे मिटून केलेली चिंताच. म्हणून तीन-चार वाक्यांची मर्यादा. दुसरी चूक, डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावरून उद्याचं भाकीत काढायचं. वचन मनासारखं आलं तर पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा उघडावंसं वाटतं, आणि हात थांबत नाही. पाळकसाहेबांना दिवसातून चारदा फोन करून "सगळं ठीक होईल ना?" विचारणंही त्याच जातीचं. तिसरी, झोप नसलेल्या माणसाने रात्रभराच्या प्रार्थनेला जाणं. झोप मोडली की भीती वाढते. दोन महिने तरी त्या वाटेला जाऊ नका. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपासही नको.

आणि एक वेगळा प्रकार. काहींना सारखं वाटत राहतं की माझ्या हातून अक्षम्य पाप झालं, आणि ते पुन्हा पुन्हा पश्चात्ताप करत बसतात, रोज, तासातासाला. अशा वेळी पश्चात्ताप एकदा करून थांबायचं आणि मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायचं. तो ओसीडी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असू शकतो, आणि प्रत्येक जास्तीच्या पश्चात्तापाने तो पोसला जातो.

आता पहाटेचे तीन. जाग आल्यावर घड्याळ बघू नका, मोबाईल तर नकोच. पाठीवर पडून एक हात पोटावर ठेवा. स्तोत्र ५६:३ चे दोन तुकडे करा. श्वास आत घेताना मनात "मला भीती वाटेल तेव्हा", चार मोजण्याइतकं. सोडताना "मी तुझ्यावर भाव ठेवीन", सहा मोजण्याइतकं, सावकाश. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात, शरीराचं ते आपसूक चालतं. पाच मिनिटं करा. छाती भरभरून जोरात श्वास घेऊ नका, त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. हे दिवसाही दोनदा करून ठेवा, ऐनवेळी पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही.

अंदाजे वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून खुर्चीवर बसा, बारीक दिवा लावा, आणि स्तोत्र १२१ हळू आवाजात वाचा. आठच वचनं आहेत. त्यात राखण करण्याचा मूळ हिब्रू शब्द सहा वेळा येतो, आणि हा राखणदार डुलकीही घेत नाही असं म्हटलंय. भातावर रात्री राखण करणारा माणूस तुम्हाला वेगळा सांगायला नको. तसंच फिलिप्पै ४:७ मध्ये देवाची शांती तुमची अंतःकरणं "राखील" म्हटलंय, तिथला मूळ शब्द सैन्याच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिक वसवलेलं शहर. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गेटवरचा पहारेकरी तुम्ही पाहिला असेल. रस्त्यावरची गर्दी तो हटवत नाही, आत कोण येणार तेवढं बघतो. चिंता दाराशी आलीच नाही पाहिजे असा हट्ट धरू नका.

डोळे जड झाले की परत अंथरुणावर. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कितीही खराब गेली तरी. दुपारी तीननंतर चहा नको. तंबाखू, मशेरी रात्री बंद. तिने तरतरी येते, झोप नाही. आणि झोपेसाठी म्हणून कुणी थोडी घेत असेल तर पहाटेची जाग बऱ्याचदा तिच्यामुळेच असते. दारूचा अंमल उतरतो तेव्हा शरीर खडबडून जागं होतं.

गाणं येत असेल तर संध्याकाळी दोन गीतं मोठ्याने म्हणा. ना. वा. टिळकांची भजनं मराठी उपासनेत आजही म्हटली जातात, पाठही असतील. गाताना श्वास आपोआप लांब सुटतो. आणि मनात राग असेल तर स्तोत्र १३ वाचा. त्यात दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा "कोठवर?" विचारतो. देवाशी इतकं रोखठोक बोलायची परवानगी आहे हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तो कन्नड कागद. माझ्या मते तुमच्या पहाटेच्या जागेत त्याचा वाटा मोठा आहे, कारण न कळलेल्या कागदात मन वाटेल ते वाचतं. जमीन गेली, जप्ती आली, काय नि काय. तो उशाखाली ठेवून प्रार्थना करू नका, वाचून घ्या. आपल्याकडे मराठी मंडळीच्या शेजारी बऱ्याचदा कन्नड मंडळी असते, काही ठिकाणी त्याच चर्चमध्ये दुसऱ्या वेळेला उपासना असते. रविवारी बाहेर पडताना कन्नड वाचणारा एखादा भाऊ गाठा. "एकमेकांची ओझी वाहा" याचा अर्थ अशा वेळी दहा मिनिटं कागद वाचून देणं एवढा साधा असतो. त्याला चार गोष्टी विचारा: कुणाच्या सहीचा आहे, कोणत्या सर्व्हे नंबरचा, तारीख कोणती, आणि उत्तर द्यायची मुदत किती. मग ते वहीत डावीकडे. मुदत जवळ असेल तर वकील, नसेल तर ऑफिसात जाऊन चौकशी. पाळकसाहेबांनाही "माझा विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करा" असं मोघम सांगू नका, वहीतल्या तीन ओळी वाचून दाखवा. नेमकं सांगितलं की समोरच्याला उपदेश करायला कमी जागा उरते.

गोळीचं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला आधी झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा देतो, पुन्हा झोपवतो, पुन्हा जेवू घालतो. बोलणं त्याच्या कितीतरी नंतर. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं, विश्वास वाढव असं नाही. तेव्हा गोळीला अविश्वास म्हणायला मला आधार सापडत नाही.

म्हणून आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर तपासा. थायरॉइड वाढलेलं असलं तरी छाती अशीच धडधडते, आणि शुगरची औषधं घेणाऱ्यांना पहाटे शुगर उतरून घाम सुटतो. छातीत दाबल्यासारखी कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. हे सगळं नॉर्मल आलं, आणि चिंता सहा महिने बहुतेक दिवस असेल, किंवा कामच होत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञ. बेळगावात मिळतील. सरकारी हवं तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, खानापूरहून लोंढा-आळणावर मार्गे रेल्वेनेही जाता येतं. चिंतेवर नेहमी देतात त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्त घालमेल होऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी लोक गोळी सोडतात. बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून एकदम बंद करू नका, आणि कुणी सभेत उभं राहून "आजपासून गोळी फेकून दे" म्हणालं तरी नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी आणून रोज घेणं मात्र टाळा, तिची सवय लागते.

जिवाचं बरंवाईट करावं असा विचार कधी डोकावला तर त्याच दिवशी घरात एकाला सांगा, १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, भाषा निवडायची सोय आहे. आणि फवारणीची औषधं घरातून हलवून शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, किल्ली त्याच्याकडेच.

डॉक्टरकडे जाताना ती वहीही न्या. कधीपासून, आठवड्यातून किती रात्री, चालू औषधं कोणती, हे ते विचारणारच, आणि ऐनवेळी आठवत नाही.