कंटेनरमधील मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये बाहेरचे बरेच जण १७२.१८.०.१ वरूनच आल्यासारखे का दिसतात?

आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत. वडोदऱ्यातील आपल्या संस्थेच्या सभासदांची मेलपेटी मोबाइल डेटावर मधूनच उघडेनाशी होते, मात्र कार्यालयाच्या वाय-फायवर ती व्यवस्थित चालते. स्पॅम अचानक वाढला आहे. आणि मेल स्वीकारणाऱ्या व पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामच्या लॉगमध्ये बाहेरच्या बऱ्याच कनेक्शनांपुढे १७२.१८.०.१ हा एकच पत्ता येतो. माझ्या मते ही एकच अडचण आहे आणि तिचे मूळ मेलच्या सेटिंगमध्ये नसून डॉकरच्या, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या, नेटवर्कमध्ये आहे. इंदूरमधील आमच्या मंडळाची निमंत्रणे आणि वर्गणीच्या पावत्या ज्या सर्व्हरवरून जातात तो मी डॉकरवरच सांभाळतो, त्यामुळे हा पत्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

१७२.१८.०.१ हा आपल्याच डॉकर नेटवर्कच्या गेटवेचा, म्हणजे कंटेनरांना यजमान सर्व्हरशी जोडणाऱ्या टोकाचा, पत्ता आहे. आयपीव्ही ४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वरून येणारे कनेक्शन डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमाने कंटेनरकडे वळवतो आणि त्यात पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता टिकून राहतो. परंतु मेल सर्व्हरच्या नावाला डीएनएसमध्ये एएएए रेकॉर्ड असेल, म्हणजे जग त्याला आयपीव्ही ६ (पत्त्यांची नवी पद्धत) वरूनही गाठू शकत असेल, आणि कंटेनरच्या नेटवर्कमध्ये मात्र आयपीव्ही ६ सुरू केलेले नसेल, तर ते कनेक्शन डॉकरची प्रॉक्सी प्रक्रिया स्वतः स्वीकारते आणि कंटेनरकडे स्वतःच्या वतीने नवे कनेक्शन उघडते. पोस्टफिक्सला दिसतो तो या मध्यस्थाचा पत्ता. मोबाइल डेटावर आयपीव्ही ६ सर्रास असते, आपल्या कार्यालयाच्या ब्रॉडबँडवर ते बहुधा नसावे. म्हणूनच अडचण फोनवर येते आणि वाय-फायवर येत नाही.

मेल सर्व्हरचे निम्मे शहाणपण समोरच्याच्या पत्त्यावर उभे असते, आणि तो हरवला की एकेक गोष्ट कोलमडते. कोणी बॉट आयपीव्ही ६ वरून पासवर्ड ताडून पाहत असेल, तर कंटेनरच्या आत चालणारे फेल टू बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्यांना अडवणारे साधन) बंदी घालते ती १७२.१८.०.१ वर, आणि बंदीची मुदत संपेपर्यंत त्याच वाटेने येणारे आपले सगळे सभासद बाहेर राहतात. एसपीएफची, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची समोरच्या सर्व्हरला परवानगी आहे का याची, तपासणीही पत्त्यावरूनच होते. आरस्पॅमडी ही स्पॅमची चाळणी तर खासगी पत्त्याला घरचाच समजून ही तपासणी टाळते. स्पॅम वाढण्याचे कारण मला तेथेच दिसते.

सर्वांत गंभीर बाब आपण विचारलेली नाही, पण ती आजच पाहावी. कंटेनरच्या आत पोस्टकॉन्फ ही पोस्टफिक्सची सेटिंग दाखवणारी आज्ञा चालवून मायनेटवर्क्सचे, म्हणजे पोस्टफिक्स ज्यांना विश्वासू मानतो त्या पत्त्यांच्या यादीचे, मूल्य वाचा. त्यात १७२.१६.०.०/१२ किंवा १७२.१८.०.०/१६ असेल, तर आयपीव्ही ६ वरून येणारा कोणीही परका पोस्टफिक्सला आतला माणूस वाटतो आणि आपल्या सर्व्हरवरून पासवर्डाशिवाय जगभर मेल पाठवू शकतो. डॉकर-मेलसर्व्हर हा तयार मेल सर्व्हर वापरत असाल तर परमिट डॉकर या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ लिहिले की हेच घडते. तेथे ‘नन’ असावे. संकेतस्थळाच्या कंटेनरला मेल पाठवायचा असेल तर त्यालाही इतरांप्रमाणे खाते आणि पासवर्ड द्या आणि त्याचा मेल ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून जाऊ द्या.

दुरुस्तीनंतर चाचणी करताना एक काळजी घ्यावी. बाहेरच्या यंत्रावरून २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडून तिसऱ्याच डोमेनचा पत्ता दिल्यावर ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’, म्हणजे परक्याचा मेल पुढे पाठवणार नाही, असे उत्तर यायला हवे. पण ही चाचणी केवळ आयपीव्ही ४ वरून केली तर दार उघडे असतानाही हेच उत्तर मिळते आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून ती आयपीव्ही ६ वरूनही अवश्य करा. घरगुती ब्रॉडबँडवर बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट अनेकदा अडवलेले असते, तेव्हा त्यासाठी भाड्याचा दुसरा सर्व्हर घ्यावा लागेल. सोबत पोस्टक्यू या आज्ञेने बाहेर जाण्यासाठी थांबलेल्या मेलची रांगही पाहून घ्या. अनोळखी प्रेषकांचे मेल साचलेले दिसले तर दाराचा गैरवापर झालेला आहे, आणि आपला पत्ता काळ्या यादीत गेला आहे का तेही तपासावे लागेल.

मूळ दुखण्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मेल सर्व्हरच्या नावाचे एएएए रेकॉर्ड काढून टाकणे. लहान संस्थेसाठी मी हाच सुचवतो, कारण आयपीव्ही ४ वरून मेल आजही विनातक्रार येतो-जातो आणि सांभाळायला एक गोष्ट कमी होते. दुसरा म्हणजे कंपोज फाइलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) त्या नेटवर्कसाठी आयपीव्ही ६ सुरू करून त्याला एफडी-ने सुरू होणारा खासगी सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, देणे. २०२४ मध्ये आलेल्या डॉकर इंजिन २७ पासून त्यासाठी लागणारे आयपी६टेबल्स (आयपीव्ही ६ साठीचे आयपीटेबल्स) आपोआप सुरू असते, त्याआधीच्या आवृत्तीत ते डॉकरच्या मुख्य प्रक्रियेच्या, म्हणजे डीमनच्या, सेटिंगमध्ये लिहावे लागते. जुने नेटवर्क मोडून नव्याने उभारल्याशिवाय हा बदल लागू होत नाही. केवळ कंटेनर रीस्टार्ट करून भागत नाही. या मार्गाने गेल्यास बाहेर जाणारा मेलही आयपीव्ही ६ वरून निघू लागेल, आणि त्या पत्त्याला रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) नसेल तर जीमेल तो नाकारते. ते रेकॉर्ड सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या पॅनेलमध्ये भरावे लागते. एसपीएफमध्येही नवा पत्ता घालावा लागतो. एवढे करायचे नसेल तर पोस्टफिक्सला बाहेर पाठवताना आयपीव्ही ४ च वापरण्यास सांगता येते.

एएएए रेकॉर्ड काढल्यावर जुन्या नोंदीची टीटीएल मुदत, म्हणजे इतरांनी ती साठवून ठेवण्याची मुदत, संपू द्या, फेल टू बॅनमधून १७२.१८.०.१ वरील बंदी उठवा आणि मोबाइल डेटावरून लॉगिन करून लॉग पाहा. तेथे खरा सार्वजनिक पत्ता दिसायला हवा. आयपीव्ही ४ वरून आलेल्या कनेक्शनांपुढेही गेटवेच दिसत राहिला, तर डॉकर रूटलेस पद्धतीने, म्हणजे रूटच्या अधिकारांशिवाय, चालतो का, किंवा मेलच्या पोर्टांपुढे ट्रॅफिक (Traefik) या प्रोग्रामासारखा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे कनेक्शन आधी स्वतः घेणारा मध्यस्थ, बसवला आहे का, ते कळवा. त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि त्यासाठी मला आपली कंपोज फाइल, पासवर्ड वगळून, पाहावी लागेल.