दुपारी तीनची भूक

"मॅडम, रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जायलोय, भात सोडलाय, तरी वजन हलंना. साठीनंतर उतरतंय तरी होय?"

निवृत्त झालेली माणसं हे मला सतत विचारतात. उतरतं, हे आधीच सांगते. या काकांचं कसं उतरलं ते ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहितेय.

बेळगावातल्या वडगावचे काका, वय 62, मधुमेहाची गोळी चालू. बसवर कंडक्टर होते. 60 व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा वजन 72 किलो, दोन वर्षांत 81. मग हट्टाला पेटून एकवेळच जेवायला लागले. दोन महिन्यांत पाच किलो गेले, पण पाय लटपटायला लागले. एकदा चालताना दरदरून घाम फुटला आणि झाडाखाली बसावं लागलं. घाबरून पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागले, तर काटा थेट 82 वर.

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी चाललं तर साखर एकदम खाली येते, आणि काका तेच करत होते. डॉक्टरांनी गोळी आणि जेवणाची वेळ नीट बसवून दिली. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि या वयात ते सहजी भरून येत नाहीत. काकांना पंगतीतून उठताना हाताचा टेकू लागायला लागला होता, तो उगीच नव्हे.

मग म्हटलं, "काका, नोकरीतला एक दिवस सांगा बघू."

ते जांबोटीच्या गाडीवर असायचे. पहाटेचा डेपो, वे-बिल म्हणजे प्रत्येक ट्रिपच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, बाजाराच्या दिवशीची गर्दी, गाडीत पुढं-मागं चालणं, सतत उभं राहणं. सांगताना त्यांचा उजवा अंगठा नकळत हलत होता, तिकिटाच्या मशीनची बटणं दाबल्यासारखा.

"आणि कालचा दिवस?"

अंगठा थांबला. "सकाळी चाललो. मग टीव्ही." दुपारी काय करता विचारल्यावर खाली बघत म्हणाले, "तीनला चहा-फरसाण. पाचला परत. भूक नसती हो. पण तीनला आमचा चहा व्हायचा, सगळे स्टाफवाले असायचे."

त्यांची खरी अडचण मला इथं सापडली. पाऊण तास चालून उरलेला दिवस खुर्चीत जात होता, आणि त्या रिकाम्या वेळेत फरसाणाचा डबा उघडला जात होता. नुसता डबा लपवून काय होणार? काकू म्हणाल्या, "चहा पुढं ठेवला की जरा बोलतात तरी." त्यांना मी दोष देत नाही. दोघंही या नव्या दिवसाला नवखे होते.

तीनची वेळ कशानं भरायची, असं मी विचारलं. नातवाला शाळेतून चालत आणायचं त्यांनीच ठरवलं. शिवाय एका वहीत वे-बिलासारखे रकाने पाडले: सकाळची ट्रिप, दुपारची ट्रिप. आठवड्याला निदान 150 मिनिटं दमदार चाल हवी, ती अशी विभागून सहज होते. आठवड्यातून तीन दिवस हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला आठ वेळा. भात परत सुरू केला, वाटीनं मोजून. सोबत घट्ट आमटी, उसळ, ताक, कधी अंडं. बासमतीच्या मुलखात भात कायमचा सोडायला सांगणं मला पटत नाही, आणि ते टिकतही नाही.

पहिल्या महिन्यात काटा जेमतेम हलला, काका खट्टू झाले. मी त्यांना कंबर मोजायला लावली: 102 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांनी ती 90 च्या आत ठेवावी म्हणतात. नऊ महिन्यांनी कंबर 95 झाली, वजन 77. आणखी उतरायचंय, पण साखर आटोक्यात आलीय आणि पंगतीतून ते टेकू न घेता उठतात. रविवारी फरसाण खातात, ताटलीत काढून घेऊन.

परवा वही दाखवायला आले होते. जुलैतल्या एका पानावर "पाऊस, ट्रिप रद्द" असं लिहून खोडलेलं होतं. खाली वेगळ्या शाईत: "जिना, 10 फेऱ्या. नातू सोबत."